शेवटच्या शनिवारच्या बाटल्या

२७ जानेवारी १९५८, सोमवार

कंडक्टरनं विचारलं, "रखमाजी, खोक्यात काकवी का?" आणि तो कारखान्याच्या गेटवरचा रखमाजी बिनदिक्कत म्हणाला, "व्हय, काकवी!" दौंडपासून शिरूरपर्यंत सगळी एसटी त्या खोक्याकडे आशेनं बघत आली म्हणे. मला हसू आवरेना. पाच माणसांची लघवी, वर गवत!

हे लचांड माझ्या गळ्यात कसं पडलं ते लिहून ठेवते, नाहीतर मीच विसरेन. दौंडच्या ताडपत्रीच्या कारखान्यात कापडाला रबराचा लेप देतात. रबर विरघळवायला बेंझॉल लागतं. ते उडतं, हवेत जातं, हवेतून माणसांत. दिवाळीत दोघं भोवळ येऊन पडले, वरून विचारणा झाली, म्हणून मॅनेजरसाहेब आमच्या शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात आले. डॉक्टर बन्यामीननी कुठल्याशा मासिकातून रीत शोधून काढली आणि नेहमीसारखे म्हणाले, "दबोराबाई, तुम्हीच बघा हे." आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाळी सुटताना लेपाच्या खोलीतल्यांनी बाटल्या भरायच्या, सोमवारी मी तपासायच्या.

रीत सोपी आहे — वास सोडला तर. अर्ध्या लघवीत बेरियम घालायचं, पांढरा साका बसतो. उरलेली अर्धी ॲसिडमध्ये उकळून मग बेरियम घालायचं, पुन्हा साका. माणूस ठीक असेल तर दोन्ही साके जवळजवळ सारखे. अंगात बेंझॉल मुरत असेल तर पहिला साका रोडावतो.

आज पाचांपैकी तिघांचा रोडावलेला निघाला. सहावी बाटली माझ्या धाकट्या भावाची, नाथूची; तोही त्याच लेपाच्या खोलीत. ती रखमाजीच्या खोक्यात नव्हती. नाथू शनिवारी जेवणाच्या सुट्टीतच दौंडहून निघतो, कारण रविवारी उपासनेला बाजाची पेटी त्याच्याशिवाय कोणाला वाजवता येत नाही. मॅनेजर भला माणूस, सोडतो त्याला. म्हणून त्याची बाटली मी आज सकाळी घरीच भरून घेतली. तशीही सकाळची पहिली लघवी सगळ्यांत चांगली, आमच्या दवाखान्यात तोच नियम आहे.

नाथूचे दोन्ही साके सारखे! देवा, तुझे उपकार. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, मीच वाढवला. आणि गेल्या वर्षी पाळकसाहेबांना भरीला घालून त्या कारखान्यात चिकटवलाही मीच. बेंझॉलचं ऐकल्यापासून झोप नव्हती. काही वाईट निघालं असतं तर त्याला तिथून काढणार होते — नोकरी गेली खड्ड्यात.

२८ जानेवारी

नाथूची चाचणी पुन्हा करून पाहिली. तशीच चांगली. उगाच जीव खाली-वर करत बसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाचही वाईट. पाचही! मच्छिंद्रचा पहिला साका तर अर्ध्यावर. हौसराव म्हणून एक पन्नाशीचे आहेत, गेल्या खेपेला बरे होते, या खेपेला तेही घसरले. आणि नाथूचा पुन्हा उत्तम.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. डॉक्टरांकडे गेले.  ते म्हणाले, "खोली एक, हवा एक. हवेचा दोष असता तर नाथूलाही लागला असता. बाई, हे पाच जण काय करतात, जे नाथू करत नाही?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. दारू! दारूबंदी काय कागदावर. नदीकाठी भट्ट्या लागतात हे पोलिसांपासून पाळकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात नवसागर काय, फ्रेंच पॉलिश काय, वाट्टेल ते घालतात. रखमाजी परवाच म्हणत होता, पाळी सुटली की लेपाचे लोक झोकांड्या खात गेटातून बाहेर पडतात. नाथूनं रविवारच्या शाळेत न पिण्याची शपथ घेतली होती, नऊ वर्षांचा असताना. ती पाळली पोरानं.

गर्व करू नये. पण आज जेवताना दोन घास जास्त गेले.

२९ मार्च, शनिवार

दौंडला जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, एकदा समोर बाटल्या भरून घ्या, अदलाबदल नको.

समोर म्हणजे काय समोर! मी मोरीकडे पाठ करून गेटजवळच्या लिंबाखाली उभी, तरी एकही गडी भरेना. लाजून मेले सगळे. शेवटी मच्छिंद्र म्हणाला, "बाई, तुमी त्या मालगाडीचं डबं मोजा, तवर आमी उरकतो." मोजले! खरंच मोजत बसले वेड्यासारखी.

ते बाहेर आले तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डोळे तांबारलेले, चालणं सैल, कारण नसताना हसू. मच्छिंद्र तर गात होता. मला असा राग आला! तिथंच लिंबाखाली पाचांना उभं करून प्रवचन दिलं. घरी बायकापोरं आहेत, लाज वाटत नाही का, कामावर पिऊन येता. मच्छिंद्र म्हणाला, "बाई, पितो की. पर ही पिल्याली न्हाई. ह्या खोलीत फुकटची चढती!" सगळे हसले. मी हसले नाही.

हौसराव पुढे आले. गळ्यातली तुळशीची माळ बोटानं उचलून दाखवली. "बाई, माळकरी हाय मी. थेंबाला शिवलो न्हाई कवा." मी म्हटलं, माळ घालून पिणारे मी खूप बघितलेत. सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांनी माळ परत सदऱ्याच्या आत सारली आणि बाटली माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी, जपून, दुधाचा तांब्या द्यावा तशी.

मॅनेजरसाहेबांनी चहा दिला. नाथूचं फार कौतुक केलं. "तुमचा भाऊ आहे म्हणून बरं, बाई. त्याची एक बाटली आमच्या सगळ्या कारखान्याची अब्रू राखते." खोली बघायची होती, पण म्हणाले आत बायकांना नेत नाही. नाथू दुपारीच निघून गेला होता.

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर. कंडक्टरनं विचारलंच, काकवी का. आज मला हसू आलं नाही, डोकं दुखत होतं.

७ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस

नाथू चार दिवस घरी. गालांवर तेज आहे. गेल्या वर्षी याचा सदरा धुवायला घेतला की तो गोडसर, डोक्यात जाणारा बेंझॉलचा वास यायचा, बादलीभर पाण्यातही जायचा नाही. आता वास नाही. म्हटलं, साबण लावायला शिकलास वाटतं! तो काहीतरी बोलणार होता, पण मग पेटीचा भाता शिवायला बसला.

हल्ली कमी बोलतो. लग्नाचं बघायला हवं.

२८ एप्रिल

अहवाल पाठवला. डॉक्टरांनी मजकूर सांगितला, मी सुवाच्य अक्षरात लिहिला. लेपाच्या खोलीत दोष दिसत नाही. त्याच खोलीत काम करणारा निर्व्यसनी इसम चारही महिने निरोगी आढळला. कामगारांनी दारू बंद करावी. दारं-खिडक्यांना पंखे बसवण्याचा जो खर्च आम्ही जानेवारीत सुचवला होता त्याची तूर्त निकड नाही.

"तूर्त निकड नाही" लिहिताना हात जरा अडला. डॉक्टर म्हणाले, नाथूला बघा की, अजून काय पुरावा हवा. खरंच, अजून काय हवा?

१२ मे

उष्मा. धुतलेल्या रिकाम्या बाटल्यांनाही या दिवसांत काय वास येतो ते देवाला ठाऊक आणि मला!

१६ जून

रखमाजी सांगत होता, पावसाळी हवेनं लेपाला फोड येतात म्हणून आता खोलीच्या खिडक्याही लावून घेतात. दोन जण ओकले. "भट्टीचा माल खराब आला आसंल," मी म्हटलं. रखमाजी विडी शिलगावत राहिला.

२३ जून, सोमवार

आज हौसराव स्वतः आले, बायकोला घेऊन. मी ओळखलंच नाही आधी. रंग म्हणजे पिठाचा गोळा. हिरड्यांतून रक्त येतंय, थांबत नाही. दंडावर निळे डाग — कुठं आपटलं नाही, काही नाही, आपोआप आलेले. जिना चढून आले तर धाप लागली.

बोटाला टोचलं. थेंब असा फिका, की मी पुन्हा टोचलं. त्यांनी हू की चू केलं नाही. उलट मलाच म्हणाले, "टोचा बाई, टोचा. निघतंय तवर घ्या."

आणि मी काय विचारलं? मी विचारलं, दारू सोडली का नाही. बायकोसमोर. सोजराबाई त्यांचं नाव. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं — बघितलं कसलं, हिशेबच मागितला डोळ्यांनी. हौसराव म्हणाले, "घे. आता बाईंनी बी सांगितलं. आता तर तुझी खात्री पटली?" म्हणजे घरात हे भांडण आधीचंच होतं, आणि मी दवाखान्याचा शिक्का मारला त्यावर.

तेव्हा मला काही वाटलं नाही. आता, हे लिहिताना, कसंसंच होतंय.

२५ जून

डॉक्टरांनी रक्त दोनदा बघितलं. म्हणाले, शरीर रक्त करायचंच विसरलंय. पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी विचारलं, दारूनं असं होतं का? "होत असेल," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सहसा नाही."

डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलतात तेव्हा त्यांना स्वतःलाच खात्री नसते.

३ जुलै

हौसराव गेले. परवा. रखमाजीनं सांगितलं.

६ जुलै, रविवार

उपासनेत पाळकसाहेबांनी उदाहरण दिलं — दौंडचा एक कामगार दारूपायी भर उमेदीत गेला. ही बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली? आमच्याच दवाखान्यातून गेली असणार. माझ्या तोंडूनही गेली असेल. बायकांत बोलताना आपण काय काय बोलतो.

नाथू पेटीवर होता. मधेच त्याचे हात थांबले. कडवं त्याच्याशिवायच पुढे गेलं.

२१ जुलै, सोमवार

सोजराबाई आल्या होत्या. एकट्या. कपाळ मोकळं. बसा म्हटलं तर उंबऱ्यातच बसल्या. मी पाणी दिलं. आमच्या हातचं घेतील की नाही मनात आलं, पण त्या घटाघटा प्यायल्या.

म्हणाल्या, "बाई, एकच इचारायला आले. शपथ घाला तुमच्या देवाची. ह्यांनी दारू पिली व्हती का?"

 मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

"मला काय वाटायचं? घरी यायचे ते झोकांड्या खात. तोंडाला वास, गोड-गोड. म्हनायचे, खोलीतला हाय. म्या म्हनायची, मला येडी समजता? एका राती भाकरी न्हाई वाढली. उपाशी झोपले तसेच, माळ उशाशी ठिवून. आता पोरींच्या सासरची बोलत्यात, बाप दारूनं मेला. खरं आसंल तर मी गप ऱ्हाते. पर खरं न्हाई आसं आसंल तर…"

 मला "नाही" म्हणता आलं नाही. "हो"ही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, बाई, मला माहीत नाही. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी बोलले नव्हते. चार महिने तर सगळं माहीत असल्यासारखी बोलत होते!

त्या "बरं" म्हणाल्या, पेला उपडा ठेवला, गेल्या.

२८ जुलै, सोमवार

 

आज बाटल्या आल्या. नेहमीसारख्या वाईट. फक्त एक स्वच्छ, अगदी नाथूच्या बाटलीसारखी. चिठ्ठी बघितली: मच्छिंद्र. मच्छिंद्र! जो उघड पितो! मी रखमाजीला हाक मारली, म्हटलं अदलाबदल झाली का. तो म्हणाला, "न्हाई बाई. त्यो आठवडाभर खाड्यावर हाय. सासुरवाडीला गेला व्हता, मेव्हन्याची सोताची भट्टी. आठ दिस नुसता ढोसत पडला. बाटली द्यायपुरता आला गेटवर."

आठवडाभर दारू, आणि लघवी स्वच्छ. दारू न पिता खोलीत उभे राहिलेले हौसराव, आणि लघवी वाईट.

 मी पुन्हा चाचणी केली. तेच.

दारूचा काही संबंध नाही. कधीच नव्हता. खोलीचाच आहे. आणि खोलीपासून माणूस थोडा काळ लांब राहिला की लघवी धुऊन निघते — मच्छिंद्रची निघाली तशी. मग नाथूची बाटली? शनिवारी दुपारी निघालेला नाथू, रविवारभर घरी, सोमवारी सकाळी मी त्याच्याकडून बाटली घेते. सकाळची पहिली! दवाखान्याचा नियम! बाकीच्या तपासण्यांना ठीक आहे तो नियम. इथं त्या नियमानं मी सात महिने स्वतःच्या भावाची खोटी ग्वाही घेतली. त्याच्या जिवावर पाचांना दारुडे ठरवलं, पंखे अडवले.

आणि तो तिथंच उभा आहे. बंद खिडक्यांत. त्याच्या हिरड्या मी शेवटच्या कधी बघितल्या? गालांवर तेज, तेज करत होते. काय ठाऊक कसलं तेज ते!

देवा, नाथूला नको. मला काय ती शिक्षा दे.

२९ जुलै

डॉक्टरांना सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "दबोराबाई, आपण…" म्हणाले आणि थांबले. नवा अहवाल आजच लिहू म्हणाले. मी म्हटलं, आधी नाथूची पाळी सुटतानाची बाटली हवी. शनिवारी मी जाते.

नाथूला निरोप धाडला — या शनिवारी दुपारी निघू नकोस, पाळी संपेपर्यंत थांब, मी येते.

२ ऑगस्ट, शनिवार

आधी सोजराबाईंच्या घरी गेले. रुळांच्या पलीकडे, पत्र्याची दोन खणांची खोली. धाकटी सून चुलीपाशी होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं: सोजराबाई, ते प्यायले नव्हते. तोंडाचा वास खोलीतल्या औषधाचा होता. झोकांड्याही त्याच्याच. गेले तेही त्यानंच. मी चुकले, मी सगळ्यांसमोर बोलले, आता सगळ्यांसमोर सांगेन, म्हणाल त्याला सांगेन, तुमच्या पोरींच्या सासरी येऊन सांगेन.

वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला चार शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.  "म्हंजी ती भाकरी…" एवढंच म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "बाईंना च्या टाक."

 सोजराबाई सांगत राहिल्या. कापड कटाईच्या खात्यात होते तोवर नवरा कसा दगडासारखा होता, पोतं एका हाताने उचलायचा; संक्रांतीनंतर त्या खोलीत घातला आणि उतरणच लागली. मी ऐकत होते, पण खरं सांगायचं तर कान भोंग्याकडे होते. माझ्या डोक्यात नाथूच होता. समोर त्या बाईचा नवरा गेलेला, आणि मी मनात माझ्याच माणसाच्या हिरड्या तपासत होते. माणूस असा असतो.

पाळी सुटली. नाथू सगळ्यांच्या मागून आला. मी गेटमधेच त्याचं तोंड उघडायला लावलं, पापण्या ओढून बघितल्या. मच्छिंद्र म्हणाला, "बाई, बैल इकत घेताय का?" एरवी मी उत्तर दिलं असतं. नाथूच्या हातात बाटली दिली. तो बाटलीकडे बघत उभा राहिला. "ताई, याची गरज आहे का?" म्हटलं, आहे. जा.

एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता, मी बाटली पदराखाली धरून. 

३ ऑगस्ट, रविवार

उपासनेला गेले नाही. शाब्बाथ मोडला. दवाखाना उघडून एकटीच काम केलं. बेरियम घालायच्या घाईत एक नळी फुटली. बरं तर बरं, लघवी पुरेशी होती.

चांगली! दोन्ही साके सारखे! बोटाचं रक्तही बघितलं, लालभडक, घट्ट. पाळी सुटताना घेतलेली बाटली, आणि स्वच्छ! कसं? मला कळत नाही. काही माणसांच्या अंगाला नसेल लागत. डॉक्टर सांगतील. आज मला कारण नकोय.

फरशीवर गुडघे टेकले आणि मोठ्यानं आभार मानले. रडले, हसले. घरी येऊन नाथूला मिठी मारली, एवढा घोडा झालाय तरी. गोड भात केला. तो दोन घास खाऊन उठला.

४ ऑगस्ट, सोमवार

नाथू सकाळच्या एसटीनं गेला नाही. मी चूल पेटवत होते, मागे येऊन उभा राहिला.

"ताई, मी लेपाच्या खोलीत नसतोच. तुझ्याकडे तपासणी ठरली त्याच आठवड्यात मला वखारीत घातलं. नाव तेवढं खोलीच्या पटावर ठेवलं. मॅनेजर म्हणाले, तुझ्या ताईला माहीत आहे, तिनंच सांगितलंय, बाहेर बोलायचं नाही. मला वाटलं खरंच तूच सांगितलंस. तुला लाज वाटू नये म्हणून मी तो विषयच कधी काढला नाही."

मी विचारलं, तुझ्या जागेवर कोणाला घातलं?

"हौसरावमामांना. कटाईतून आणून."

मी काल गुडघे टेकून आभार मानले, नाथू वाचला म्हणून. नाथूच्या जागेवर हौसराव उभे होते. आणि मी त्यांना दारुडा म्हटलं.